रवांडा : संसदेतील आकडा आणि जमिनीचा कागद

टेकडीपलीकडे (धागाकर्ता)

आफ्रिकेतील स्त्रियांच्या हक्कांविषयी बोलणे निघाले की रवांडाचे नाव हमखास येते, आणि त्यापाठोपाठ एकच आकडा सांगितला जातो. २०२४ च्या निवडणुकीनंतर तिथल्या कनिष्ठ सभागृहातील ८० पैकी ५१ जागांवर स्त्रिया आहेत, म्हणजे जवळजवळ ६४ टक्के. २००८ साली हे प्रमाण ५६ टक्के झाले, तेव्हा जगात प्रथमच एका राष्ट्रीय सभागृहात स्त्रियांचे बहुमत आले. आकडा खरा आहे आणि त्याचे महत्त्व मी नाकारत नाही. मात्र २०१६ ते २०१८ अशी दोन वर्षे नळपाणी योजनेच्या कामासाठी दक्षिण प्रांतातील हुये इथे राहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की त्या देशातील बाईची स्थिती समजून घ्यायची असेल तर संसदेतील बाके मोजण्याआधी तिच्या घरातील जमिनीचा कागद पाहावा.

तो कागद मी पहिल्यांदा पाहिला तो आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंच्या हातात. बँकेच्या कामासाठी त्याची छायाप्रत काढून हवी होती, म्हणून प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत गुंडाळून, वर केळीच्या सोपाची दोरी बांधून त्यांनी तो आणला होता. कागदावर भूखंडाचा क्रमांक, क्षेत्र, जोडीला छोटासा नकाशा आणि खाली दोन नावे होती, एक नवऱ्याचे व एक त्यांचे. प्रत्येक नावापुढे स्वतंत्र रकान्यात ५० टक्के असे छापलेले होते. बाईंना वाचता जेमतेम येत असे. पण तो रकाना कुठे आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते आणि मला दाखवताना त्यांनी बोट नेमके तिथेच ठेवले.

या रकान्यामागे बराच इतिहास आहे. रवांडातील जुन्या रिवाजात जमीन बापाकडून मुलाकडे जात असे. मुलगा लग्नाचा झाला की बाप त्याला आपल्या हयातीतच जमिनीचा तुकडा तोडून देई. त्याला ‘उमुनानी’ म्हणतात. मुलीला उमुनानी नसे, कारण ती दुसऱ्याच्या घरी जाणार. आपल्याला हा युक्तिवाद समजावून सांगण्याची गरज नाही. १९९४ च्या वंशसंहारात शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. कित्येकजणी विधवा झाल्या, कित्येक मुली घरातील एकट्या वारस उरल्या, आणि दीर-चुलत्यांनी त्यांना जमिनीवरून हाकलण्याचे प्रकार सर्रास होऊ लागले. स्त्रियांच्या संघटनांनी आणि तेव्हाच्या संक्रमणकालीन संसदेतील स्त्री-सदस्यांनी पाठपुरावा केल्यानंतर १९९९ मध्ये वैवाहिक संपत्ती आणि वारसा यांविषयीचा कायदा झाला व त्याने मुलगा आणि मुलगी यांना समान वारस ठरवले. संसदेत स्त्रियांचे बहुमत येण्याच्या नऊ वर्षे आधीची ही गोष्ट आहे, हे मुद्दाम नोंदवतो.

कायदा कागदावरच राहिला असता, पण २००९ ते २०१३ या काळात सरकारने देशभर जमीन-नोंदणीची मोहीम राबवली आणि एक कोटीहून अधिक भूखंडांची नोंद केली. पद्धत साधी होती. विमानातून घेतलेली छायाचित्रे गावात आणायची, शेजारीपाजारी बांधावर गोळा करायचे, आणि गावातल्याच प्रशिक्षण दिलेल्या तरुण-तरुणींनी सर्वांसमक्ष त्या छायाचित्रावर पेनाने हद्दी आखायच्या. भूखंडामागे बहुतेकांना हजार फ्रँक एवढेच शुल्क होते. त्याच बांधावर ‘मालक कोण’ हा प्रश्न विचारला जाई आणि कायदेशीर लग्न झालेले असेल तर दोघांचीही नावे लिहिली जात. बाईच्या नावाला गावचे साक्षीदार मिळाले, ही या मोहिमेतील माझ्या मते सर्वांत मोलाची बाब होय.

आता दुसरी बाजू. त्याच बाईंना मी विचारले, की वडिलांच्या जमिनीत तुमचा वाटा किती? त्या हसल्या. वाटा मागता येतो हे त्यांना माहीत होते, आणि तरीही त्यांनी तो मागितला नव्हता. नवऱ्याशी बिनसले तर उद्या भावाचेच दार ठोठवायचे आहे, ते दार आज जमिनीपायी कशाला बंद करून घ्यायचे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. कायद्याने दिलेला हक्क बाई स्वतःहून सोडते, तेव्हा त्याला तिची निवड म्हणावे की नाइलाज, या प्रश्नावर जाणकारांची मते वाचायला आवडतील.

---

सातबारा

उत्तम धागा. मी महसूल खात्यात तलाठी म्हणून सव्वीस वर्षे काढली, त्यामुळे शेवटचा परिच्छेद वाचताना माझ्याच सजाचे दप्तर उघडल्यासारखे वाटले. आपल्याकडे वडिलोपार्जित संपत्तीत मुलीला जन्मतः हक्क देणारी महाराष्ट्राची दुरुस्ती १९९४ ची, अकरा वर्षांनी तीच गोष्ट २००५ मध्ये देशभर लागू झाली. राज्याची दुरुस्ती २२ जून १९९४ पासून अमलात आली, म्हणजे रवांडात कत्तल चालू होती त्याच आठवड्यांत. हा निव्वळ योगायोग आहे, पण तारखा शेजारी ठेवल्या की मन थबकते.

कायदा झाला आणि आमच्याकडे हक्कसोडपत्रांचा ओघ सुरू झाला. वडील गेल्यावर वारसनोंदीला बहिणींची नावे लागत, आणि वर्षाच्या आत त्याच बहिणी दुय्यम निबंधकाकडे सह्या करून मोकळ्या होत. भाऊ गाडी करून आणायचा, जाताना साडीचोळी व्हायची. एक बहीण सही करताना मला म्हणाली होती, “भाऊसाहेब, माहेर चार दिवसांसाठी तरी हवं ना.” निवड की नाइलाज, हा तुमचा प्रश्न मी फेरफाराच्या नोंदीत कुठल्या रकान्यात लिहावा, हे मला कधीच कळले नाही.

तुमच्या लेखातील एक शब्द मात्र मला खटकला, तो म्हणजे ‘कायदेशीर लग्न झालेले असेल तर’. नसेल तर काय होते?

---

टेकडीपलीकडे

सातबारा, तुम्ही नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. रवांडाचे संविधान फक्त नोंदणी पद्धतीने झालेला, एकपत्नी विवाह मानते. चर्चमधील लग्न किंवा मुलीच्या बापाला ‘इंक्वानो’ म्हणून गाय देऊन केलेले रिवाजी लग्न यांतून कायदेशीर पत्नीचा दर्जा मिळत नाही. ग्रामीण भागात वर्षानुवर्षे एकत्र राहून चार-चार मुले झालेली, पण नोंदणी न केलेली जोडपी भरपूर आहेत; इंक्वानो आणि समारंभाचा खर्च झेपत नाही म्हणून लग्न पुढे ढकलले जाते आणि मग राहूनच जाते. अशा घरात बाईचे नाव कागदावर चढले तर ते पुरुषाच्या मर्जीने. दुसरी बायको असेल तर तिची स्थिती याहून बिकट असते, कारण कायद्याच्या लेखी ती जवळजवळ नाहीच.

यावर थोडासा उपाय २००८ च्या लिंगाधारित हिंसाचारविरोधी कायद्यात आहे. नोंदणीविना एकत्र राहणाऱ्या जोडप्यांपैकी एकाला तिसऱ्याच व्यक्तीशी कायदेशीर लग्न करायचे असेल, तर आधीच्या जोडीदाराबरोबर मिळून जमवलेली मालमत्ता त्याने प्रथम निम्मी वाटून दिली पाहिजे, असे त्यातील ३९ वे कलम सांगते. म्हणजे पुरुषाने दुसरे लग्न नोंदवायला घेतले तर हे कलम जागे होते; त्याने नुसतेच बाईला घराबाहेर काढले तर बाईची वाट अवघड राहते.

म्हणून सरकार सामूहिक नोंदणी-विवाह भरवते. आमच्या कार्यालयाजवळच्या सेक्टर कचेरीत (सेक्टर म्हणजे साधारण आपल्या महसूल मंडळाएवढा भाग समजा) गुरुवारी लग्ने लागत. वधू-वर एका हातात राष्ट्रध्वज धरतात, दुसरा हात वर करून शपथ घेतात आणि सही करताना संपत्ती सामाईक ठेवायची, लग्नानंतर मिळवलेलीच सामाईक ठेवायची, की पूर्णपणे वेगळी ठेवायची, हे तीन पर्यायांतून निवडतात. एका गुरुवारी पन्नाशीचे एक जोडपे रांगेत उभे होते व त्यांची थोरली मुलगी आईच्या बाजूने साक्षीदार होती. आई शपथ घेताना अडखळली तेव्हा लेकीने पुढचा शब्द हळूच सांगितला. सारी कचेरी हसली, पण त्या सहीनंतर आईचे नाव जमिनीवर हक्काने येणार होते.

---

न्यायालयीन_टिपण

धाग्यात १९९४ चा उल्लेख एका वाक्यात आला आहे. स्त्रियांच्या हक्कांविषयी बोलताना त्यावर थोडे थांबणे आवश्यक वाटते, कारण जगाच्या कायद्यात रवांडातील स्त्रियांनी घातलेली भर संसदेतल्या टक्केवारीहून मोठी आहे असे मी मानतो.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार त्या शंभर दिवसांत अडीच ते पाच लाख स्त्रियांवर बलात्कार झाले. टांझानियातील अरुशा येथील, रवांडाविषयक आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे ताबा या तालुक्याचा नगरप्रमुख ज्याँ-पॉल अकायेसू याच्यावर खटला उभा राहिला, तेव्हा मूळ आरोपपत्रात बलात्काराचा आरोप नव्हताच. १९९७ च्या सुरुवातीला एका साक्षीदार बाईने बोलता बोलता आपल्या लहान मुलीवर झालेला अत्याचार सांगितला, तिच्यामागून आणखी एकीने सांगितले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये आरोपपत्र बदलावे लागले. तीन न्यायाधीशांच्या त्या पीठावर एकच स्त्री होती, दक्षिण आफ्रिकेतील दर्बानच्या तमिळ कुटुंबात जन्मलेल्या नवनीतम पिल्लै. २ सप्टेंबर १९९८ च्या निकालाने, एखादा समूह नष्ट करण्याच्या हेतूने केलेला बलात्कार हे वंशसंहाराचेच कृत्य आहे, असे आंतरराष्ट्रीय न्यायालयात पहिल्यांदा ठरले.

धागाकर्ते ज्या हुयेत राहिले ते पूर्वीचे बुतारे. देशाच्या पहिल्या स्त्री-पंतप्रधान अगात उविलिंगियिमाना याच बुतारे भागातल्या. ७ एप्रिल १९९४ रोजी, कत्तलीच्या पहिल्याच दिवशी, सैनिकांनी त्यांना ठार केले. पॉलिन न्यिरामासुहुको हीसुद्धा बुतारेचीच, त्याच मंत्रिमंडळातील कुटुंब व स्त्री-विकास खात्याची मंत्री. वंशसंहार आणि बलात्कारास चिथावणी देण्याच्या आरोपांवरून २०११ मध्ये तिला जन्मठेप झाली. अपिलात २०१५ साली ती ४७ वर्षांवर आली. पदावर स्त्री आली म्हणजे स्त्रियांचे भले होईलच असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण मुळातून वाचावे.

---

बेरीज_वजाबाकी

एक छोटी दुरुस्ती, धाग्यात नसली तरी इतरत्र नेहमी वाचायला मिळते म्हणून. ‘वंशसंहारानंतर रवांडात ७० टक्के स्त्रियाच उरल्या होत्या, म्हणून त्यांना सत्ता मिळाली’ हे विधान सरसकट केले जाते. २००२ च्या जनगणनेत स्त्रियांचे प्रमाण सुमारे ५२ टक्के होते. घरे सावरण्याचा भार बायकांवर पडला हे खरेच, कारण साधारण एकतृतीयांश कुटुंबांच्या प्रमुख स्त्रिया होत्या. पण आरक्षण नुसत्या संख्येतून उगवले नाही. २००३ च्या संविधानाने निर्णयप्रक्रियेत किमान ३० टक्के स्त्रिया असाव्यात असे घातले आणि ८० पैकी २४ जागा त्यांच्यासाठी राखल्या. त्या जागा थेट मतदानाने नव्हे, तर स्थानिक परिषदा व महिला समित्यांच्या निर्वाचकगणातून भरतात. बाकीच्यांपैकी ५३ जागा पक्षांच्या याद्यांतून भरतात, दोन युवकांच्या आणि एक अपंगांच्या प्रतिनिधीची असते.

---

अर्धविराम

वरच्या प्रतिसादातील ‘पक्षांच्या याद्यांतून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. यादी कोण करते? २०१७ साली राष्ट्राध्यक्ष कागामे यांना जवळपास ९९ टक्के मते मिळाली आणि २०२४ मध्ये ९९ टक्क्यांहून अधिक. अशा देशात खासदार स्त्री असो वा पुरुष, तिचे बसणे-उठणे मतदारापेक्षा यादी करणाऱ्याच्या हाती असते. स्त्रियांना सन्मान देणाऱ्या याच राज्यात विरोधी नेत्या व्हिक्त्वार इंगाबिरे २०१० साली निवडणूक लढवायला परतल्या आणि तुरुंगात गेल्या. उच्च न्यायालयाने दिलेली आठ वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने पंधरा केली, आणि २०१८ मध्ये माफी मिळून त्या सुटल्या. दियान र्विगारा यांची २०१७ ची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी फेटाळली गेली, नंतर त्यांना अटक झाली, पुढे न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, आणि २०२४ मध्ये पुन्हा उमेदवारी नाकारली गेली. बाई असणे चालते, विरोधात असणे चालत नाही.

आणखी एक उदाहरण घ्या. २००९ साली, म्हणजे सभागृहात स्त्रियांचे बहुमत आल्यावर काही महिन्यांतच, नवा कामगार कायदा संमत झाला. बाळंतपणाची रजा बारा आठवडेच राहिली, पण विमा नसल्यास पूर्ण पगार पहिल्या सहा आठवड्यांचा, त्यापुढे केवळ २० टक्के. बहुमत असूनही हे घडले. आपल्याकडे सरपंचपती असतात. तिथे पती नसेल, पण खुर्चीमागे उभे राहणारे कोणीतरी आहेच.

---

टेकडीपलीकडे

अर्धविराम, राजकीय मोकळिकीबाबत तुमच्याशी वाद नाही. कचेरीतील सहकारी कोणत्याही विषयावर बोलत, पण संभाषण वरच्या सत्तेकडे वळले की चहाचा कप उचलून उठत, हे मी रोज पाहिले आहे. रजेचा मुद्दाही बरोबर आहे. ती चूक दुरुस्त व्हायला सात वर्षे लागली. २०१६ मध्ये मालक आणि कामगार या दोघांकडून पगाराच्या प्रत्येकी ०.३ टक्के वर्गणी घेऊन प्रसूती-विमा निधी सुरू झाला आणि बारा आठवड्यांचा पूर्ण पगार परत आला.

तरीही ‘खुर्चीमागचे कोणीतरी’ एवढ्याने सारे उलगडत नाही. गावपातळीवरील महिला परिषदेच्या बैठकींत मी बसलो आहे. एका बाईचा नवरा बचतगटातून तिने घेतलेले पैसे दारूत उडवतो, हे तिथे उघडपणे मांडले गेले, नवऱ्याला बोलावणे धाडले गेले आणि तो मान खाली घालून आलाही. राष्ट्राध्यक्षांविरुद्ध ब्र न काढणारा गाव नवऱ्याविरुद्ध बोलायला शिकला असेल, तर त्याला काय म्हणावे हे मला आजही नीट ठरवता येत नाही.

---

सूतिकागृह

मी शासकीय रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाले. हक्कांची चर्चा चालू आहे, पण बाई बाळंतपणातून जिवंत उठली तरच पुढचे हक्क, म्हणून हा भाग जोडते. रवांडाच्या लोकसंख्या व आरोग्य पाहणीनुसार २००० साली दर एक लाख जिवंत जन्मांमागे १,०७१ माता दगावत होत्या. २०१९-२० च्या पाहणीत हा आकडा २०३ आहे. २००५ साली दवाखान्यात होणारी बाळंतपणे २८ टक्के होती, ती ९३ टक्क्यांवर गेली. एवढ्या थोड्या वर्षांत अशी घसरण फार कमी देशांनी करून दाखवली आहे.

कारणे तपासली तर मोठी यंत्रे किंवा मोठे डॉक्टर दिसत नाहीत. दिसतो तो वर्षाला माणशी तीन हजार फ्रँकांच्या आसपास वर्गणी असलेला ‘म्युच्युएल’ हा सामुदायिक आरोग्यविमा, ज्यात अगदी गरिबांची वर्गणी सरकार भरते, आणि प्रत्येक गावात निवडलेले आरोग्यसेवक. त्यांपैकी एक बाई केवळ गरोदर स्त्रिया व नवजात बालके यांच्यावर लक्ष ठेवत असे. कोणती बाई कितव्या महिन्यात आहे हे ती मोबाइलच्या संदेशाने कळवत असे. आपल्या आशाताईंची सख्खी बहीणच म्हणा, मानधनाची रडकथाही तीच. शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देशपातळीवर देण्याची मोहीम रवांडाने २०११ मध्येच सुरू केली होती.

गर्भपाताच्या बाबतीत मात्र हाच देश फार काळ कठोर राहिला. २०१२ च्या दंडसंहितेने बलात्कारपीडितेलाही आधी न्यायालयाचा आदेश आणायला लावले. आदेश हाती येईपर्यंत महिने उलटून जात. ती अट २०१८ मध्ये गेली. २०१९ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्षांनी गर्भपात, त्यात साहाय्य आणि बालहत्या अशा गुन्ह्यांत शिक्षा भोगणाऱ्या ३६७ जणींना माफी दिली. माफी मिळाली हे चांगलेच, पण इतक्या जणी मुळात तुरुंगात होत्या, हे विसरू नये.

---

सातबारा

सर्व प्रतिसाद वाचले. मला पुन्हा जमिनीकडेच यायचे आहे. समजा, त्या बाईंनी वडिलांच्या जमिनीत वाटा मागितला असता, आणि भावांनी दिलाही असता, तर मोजणी होऊन त्यांच्या वाट्याला किती आले असते? तिथे तुकडेबंदी आहे का?

---

टेकडीपलीकडे

तेव्हा होती, आणि तीच या गोष्टीतील खरी गाठ आहे. मी होतो तेव्हा लागू असलेल्या २०१३ च्या भूमिकायद्याच्या ३० व्या कलमानुसार, एक हेक्टरपेक्षा लहान तुकडे पडत असतील तर शेतजमिनीची विभागणी करता येत नसे. त्या टेकड्यांवर एका कुटुंबाची सगळी जमीनही बहुधा एक हेक्टर भरत नाही. मग वारसांची नावे एकाच कागदावर येत, प्रत्येकापुढे टक्केवारी लागे आणि जमीन आहे तशीच राही. कायद्याच्या दृष्टीने बहीण सहमालक होई. प्रत्यक्षात जो भाऊ तिथे राही त्याचीच कुदळ चाले.

त्या बाई धरून भावंडे चार, दोन भाऊ आणि दोन बहिणी. मी त्यांना कागदावर मांडून दाखवले, की तुमच्या नावापुढे २५ येतील. त्यांनी थोडा विचार करून मला विचारले, की या पंचवीसमध्ये सोरघमचे (ज्वारीचे) पीक कोणत्या बाजूचे धरायचे. आम्ही दोघांनी मिळून तो कागद बराच वेळ पाहिला. निघायच्या महिन्यात मात्र त्यांनी सांगितले, की धाकट्या भावाने आपल्या वाट्यातून केळीची दोन खोडे त्यांच्यासाठी राखून ठेवली आहेत आणि घड उतरला की तो निरोप पाठवतो. कागदावर याची नोंद नाही.